अल्पमुदतीचे गृहभाडे आणि कायद्यातील संदिग्धता : एक चिकित्सा

प्रास्ताविक

राहत्या घरातील रिकामी खोली पाहुण्यास देऊन उत्पन्न मिळविणे, ही ‘शेअरिंग इकॉनॉमी’ची मूळ कल्पना होय. २००८ मध्ये एअरबीएनबी ही कंपनी याच कल्पनेतून उदयास आली. पुढे मात्र संपूर्ण सदनिका केवळ पर्यटकांसाठी राखून ठेवल्या जाऊ लागल्या आणि अनेक शहरांत न्यायालयीन वादास तोंड फुटले. अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डी व भंडारदरा येथे पाहुण्यांचा ओघ सतत असतो. म्हणून या वादाची चिकित्सा जिल्ह्याच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.

परदेशातील अनुभव

पॅरिसमध्ये परवानगीविना सदनिका अल्पमुदतीने भाड्याने देणाऱ्या मालकांना दंड झाला. हा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. २२ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने, भाड्याच्या घरांची टंचाई लक्षात घेऊन, पूर्वपरवानगीची अट ग्राह्य मानली. मालकाच्या मुख्य निवासस्थानास मात्र ठरावीक दिवसांपर्यंत सूट आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली. तेथे ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी पाहुणे ठेवताना यजमान घरातच राहत असला पाहिजे. दोन्ही ठिकाणी कळीचा प्रश्न एकच : त्या घरात मालक राहतो काय?

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये या भेदाचे बीज आहे. परवानाधारकाच्या व्याख्येतून ‘पेइंग गेस्ट’ वगळला आहे, आणि परवाना देणारा स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग ज्यास दिला जातो, तो पेइंग गेस्ट होय. हॉटेल, गेस्ट हाऊस, धर्मशाळा इत्यादींत उतरणाराही वगळला आहे. परंतु मालक राहत नसलेले पूर्ण घर दोन रात्रींसाठी घेणारा पाहुणा कोणत्या वर्गात मोडतो? ते घर गेस्ट हाऊस मानल्यास निवासी जागेस व्यवसायाचे स्वरूप येते. पाहुण्यास परवानाधारक मानल्यास कलम ५५ नुसार दोन रात्रींसाठीही लेखी व नोंदणीकृत करार लागतो. अन्यथा घरमालकास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर्षभराच्या करारासाठी योग्य असलेली ही तरतूद एका मुक्कामास लावणे व्यवहार्य नाही.

या संदिग्धतेचा भार अखेर दुर्बलावर पडतो. अकोले तालुक्यात आपल्याच घरात पाहुण्यास जेवूखाऊ घालणारे कुटुंब आणि गुंतवणूक म्हणून अनेक सदनिका घेणारा व्यावसायिक यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे.

समारोप

केवळ निवासाचा निकष ताठरपणे लावल्यास नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या आणि गावचे घर अधूनमधून भाड्याने देणाऱ्या मालकावर अन्याय होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर दिवसांची मर्यादा हा उपाय संभवतो. घरात राहणाऱ्या यजमानास साधी सूचना, मर्यादित दिवसांसाठी पूर्ण घर देणाऱ्यास नोंदणी आणि वर्षभर व्यवसाय करणाऱ्यास परवानगी, अशी त्रिस्तरीय तरतूद १९९९ च्या अधिनियमात व्हावयास हवी. ‘शेअरिंग’ या शब्दाच्या आकर्षणापेक्षा घर कोणाच्या वास्तव्यासाठी आहे, याचा निर्णय कायद्याने करणे अधिक अगत्याचे आहे.