गुलाबराव : फारसी शब्द, मराठी नाव

ओळखीच्या एका घरात नातवाला पणजोबांचे नाव ठेवायचे होते. ते बेत रद्द झाला; 'गुलाबराव' हे नाव फारसी, म्हणजे आपले नव्हे, असे कोणीतरी सांगितले. गुलाबराव पाटील, गुलाबराव देवकर ही नावे ज्या जळगाव जिल्ह्याने राज्याला दिली, तिथे हे घडावे! मी शब्दकोश उघडून बसलो.

फारसीत 'गुल' म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचे. 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' हे तिथे फूल नव्हेच, ते गुलाबपाणी. (आपण 'गुलाबपाणी' म्हणतो तेव्हा पाणी दोनदा ओततो.) हाच शब्द अरबीत 'जुलाब' झाला आणि औषधांच्या वाटेने मराठीत आला तो रेचक होऊन. गुलाब फूल झाला तो इकडे, आपल्या भाषांत. तेव्हा नावांच्या पुस्तिकांत 'गुलाब : फारसी, एक फूल' असे छापतात ते अर्धेच खरे. शब्द फारसी, फूल आपले.

मग ते पुरुषाचे नाव का? जाई, जुई, शेवंती स्त्रीलिंगी, गुलाब 'तो', हे उत्तर मला पुरत नाही. मोगराही 'तो'च, पण मोगरराव कोणी ऐकला आहे? उलट दौलत, हिंमत स्त्रीलिंगी असून दौलतराव, हिंमतराव गावोगाव आहेत. माझ्या मते गुलाबरावाची पंगत हीच : दरबारी रुबाबाचा शब्द, पुढे 'राजन्'पासून आलेला 'राव'. फुलापेक्षा अत्तर-गुलाबदाणीचा मान त्यात अधिक.

खानदेशात याचे श्रेय फारुकींना देण्याचा मोह होतो. 1382 पासून 1601 पर्यंत, आधी थाळनेर आणि मग बुऱ्हाणपूर, त्यांचीच सत्ता होती. पण राजवट शब्द आणते. पाळण्यात नाव घालते ती आत्या. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. वडिलांच्या 'शहाजी' नावातला 'शहा' मात्र राहिला.

आणि वऱ्हाडात माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915). स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवले, कृष्णाला पती मानून कुंकू-मंगळसूत्र धारण केले. नाव तेवढे गुलाबरावच ठेवले.