रहस्यकथाकाराचा गोतावळा : गुरुनाथ नाईक यांच्या निमित्ताने

मराठी रहस्यकथेचा विचार करताना समीक्षेने आजवर दोन सोयीचे मार्ग पत्करले आहेत : एक उपेक्षेचा, दुसरा गणनेचा. बाबूराव अर्नाळकर (मृत्यू १९९६) यांच्या नावापुढे हजाराहून अधिक आणि गुरुनाथ नाईक (मृत्यू २०२१) यांच्या नावापुढे बाराशेच्या घरातला आकडा मांडला, की वाङ्मयेतिहासाचे कर्तव्य संपते. परंतु संख्या हे मूल्यमापन नव्हे. ती फार तर एका निर्मितिव्यवस्थेची खूण आहे. त्या व्यवस्थेत लेखक एकटा नसतो. त्याच्या मागे पूर्वसूरी, बाजूला स्पर्धक आणि समोर त्या साऱ्यांना एकाच आठवड्यात वाचून काढणारा वाचक असतो. नाईकांच्या लेखनाचा अर्थ या गोतावळ्यातच लागतो.

मूळ गोमंतकीय असलेल्या नाईकांच्या रहस्यकथालेखनाचा बहर १९७० नंतरचा. पत्रकारिता हा त्यांचा दुसरा व्यवसाय, आणि लातूरच्या ‘एकमत’ दैनिकाच्या संपादनाशी त्यांचे नाव निगडित आहे. ते लिहू लागले तेव्हा अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी वाचकाच्या अपेक्षा पक्क्या केल्या होत्या. कायद्याबाहेर राहून न्याय करणारा साहसवीर आणि महानगरी मुंबई हे त्या कथाविश्वाचे संकेत. नाईकांनी हे संकेत नाकारले नाहीत; त्यांचे केंद्र मात्र हलविले. त्यांचा कॅप्टन दीप नावापासूनच लष्करी बिरुद मिरवितो. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतरच्या वाचकाला कायद्याबाहेरच्या वीरापेक्षा राष्ट्राच्या गणवेशातला वीर जवळचा वाटला असल्यास नवल नाही. पुढे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी अमर विश्वास या बॅरिस्टर नायकाच्या रूपाने न्यायालय हेच रहस्यभेदाचे स्थळ केले. साहसवीर, सैनिक, वकील हा केवळ नायकांच्या पेशांतला बदल नव्हे. न्याय कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाची ती क्रमाने बदलत गेलेली उत्तरे आहेत. ती एकमेकांना उद्देशून दिलेली आहेत, हे सुटी संहिता वाचणाऱ्या समीक्षकाच्या ध्यानी येत नाही.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेत दोन कथा असतात असे प्रतिपादन केले : एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. मराठी मालिकांना हे विवेचन लावताना तिसऱ्या कथेची भर घालावी लागते, ती म्हणजे नायकाच्या मागील पुस्तकांची. वाचक कॅप्टन दीपला आधीपासून ओळखतो; त्यामुळे तो वाचणार की मरणार हा प्रश्न उरत नाही, कसा वाचणार एवढाच उरतो. ओळखीचा आनंद आणि अनोळखीची ओढ यांचा हा तोल वेगाने लिहिणाऱ्या लेखकाला तारतो, आणि साच्यातही अडकवितो. नायक अनुभवाने बदलला तर मालिका तुटते. या शैलीतील पात्रांचा सपाटपणा म्हणूनच निव्वळ प्रतिभेच्या उणिवेतून आलेला नाही. पण त्यामुळे तो क्षम्यही ठरत नाही. शिरवळकरांना ‘दुनियादारी’ (१९८२) लिहिण्यासाठी साच्याबाहेर पाऊल टाकावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

लंडनमध्ये १९३० साली रहस्यकथाकारांचा ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. वाचकाशी प्रामाणिक राहण्याची शपथ सभासद घेत. मराठीत अशी शपथ घ्यायला लावणारी संस्था रुजली नाही. येथील लेखकांची खरी गाठ पडे ती भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानाच्या फळीवर. तेथे अर्नाळकरांशेजारी नाईक आणि नाईकांशेजारी नारायण धारप उभे असत. नियम लेखकांनी नव्हे, वाचकाने घातले : फसविलेत तर पुढचे पुस्तक उचलणार नाही.

नांदेड-लातूरच्या संदर्भात या फळीला आणखी एक परिमाण आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि १९५२ पासून इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ उर्दू वाचकांत लोकप्रिय झाली. येथील जुन्या पिढीतील द्वैभाषिक वाचकाने मराठी रहस्यकथा कोणत्या अपेक्षांनी हाती घेतली असेल? पुण्या-मुंबईच्या वाचकावरून बांधलेले निष्कर्ष मराठवाड्याला जसेच्या तसे लागू पडतील असे मानता येत नाही.

हा प्रश्न तातडीचा आहे, कारण त्याची साधनेच नाहीशी होत आहेत. हलक्या कागदावरची ही पुस्तके हातोहात फिरून झिजली. ग्रंथालयांना ती जपण्याजोगी वाटली नाहीत. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात, नाईकांच्या लातूरसह, या साहित्याची सूची आणि जुन्या वाचकांच्या मुलाखती हे संशोधनाचे पहिले काम ठरावे. मूल्यनिर्णय नंतर देता येईल, आणि तो कठोरही असू शकेल. मात्र पुरावा नष्ट होऊ देऊन निकाल लिहिणे रहस्यकथेतल्या सामान्य पोलिसालाही शोभत नाही.