क्रूस, कोकरू आणि भाकर : मराठीतील ख्रिस्ती प्रतीकांचा विचार

एका धर्मपरंपरेतील प्रतीक दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात येते तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न मराठी समीक्षेने आजवर फारसा मनावर घेतलेला नाही. ख्रिस्ती प्रतीकांच्या बाबतीत तर दोन सोयीस्कर समजुतींवरच काम भागविले गेले आहे. ही प्रतीके मुळात परकी, म्हणून मराठी वाङ्मयात ती कायमची उपरी राहणार, ही एक समजूत. मानवी दुःख सर्वत्र सारखेच असल्यामुळे क्रूसासारखे प्रतीक कोणत्याही भाषेत आपोआप बोलू लागते, ही दुसरी. दोन्हींत एक दोष समान आहे. प्रतीकाला स्वतःचा इतिहास असतो आणि ज्या भाषेत ते येते त्या भाषेलाही असतो, याचा विसर दोन्हींना पडला आहे. या दोन इतिहासांची गाठ कोठे बसली आणि कोठे सुटली, हे पाहिल्याखेरीज प्रतीकाच्या यशापयशाविषयी काही म्हणता येत नाही.

१

ख्रिस्ती प्रतीके ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी व अचल आहेत, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. रोमच्या भूमिगत दफनस्थानांतील पहिल्या तीन शतकांच्या चित्रांत क्रूस जवळजवळ आढळतच नाही. तेथे मेंढपाळ आहे, नांगर आहे, कबुतर आहे, हात उंचावून प्रार्थना करणारी आकृती आहे आणि मासा आहे. क्रूस हे त्या काळी गुलामांना व गुन्हेगारांना देहदंड देण्याचे जिवंत साधन होते. ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता त्यांना तो पूजेत मांडणे अवघड वाटले असल्यास नवल नाही. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने धर्माला राजाश्रय दिला, पुढे ही शिक्षाही बंद झाली, आणि त्यानंतरच क्रूस उघडपणे मिरविला जाऊ लागला. क्रूसावरील ख्रिस्ताच्या अगदी आरंभीच्या सार्वजनिक आकृतींपैकी एक रोममधील सांता साबिना मंदिराच्या लाकडी दारावर आहे. ती पाचव्या शतकातील आहे, आणि तीतही क्रूसाचे लाकूड फारसे दिसत नाही.

कोकराची कथा याहून बोधक आहे. इजिप्तमधून सुटकेच्या रात्री यहुदी लोकांनी ज्या कोकराचे रक्त दाराला लावले, तेच ख्रिस्ताच्या बलिदानाचे पूर्वचिन्ह मानले गेले. परंतु ६९२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताला कोकराच्या रूपात रंगविण्यास बंदी केली. छायेच्या जागी आता सत्य आले आहे, तेव्हा मानवी देहच दाखवावा, असा तिचा विचार होता. रोमने हा निर्णय मानला नाही. उलट त्याच सुमारास पोप सर्जियस पहिला याने देवाच्या कोकराला उद्देशून म्हणावयाचे स्तोत्र उपासनेत आणले. पूर्वेने जे मिटविले ते पश्चिमेने गाइले. १४३२ साली पूर्ण झालेल्या गेंटच्या वेदिचित्रात व्हॅन आइकने त्याच कोकराला मध्यभागी उभे केले. प्रतीक हे परंपरेच्या पोटातील वादाचे स्थळही असते, ही गोष्ट यातून स्पष्ट होते.

काही प्रतीके तर भाषेच्या अक्षरांतच अडकलेली असतात. ‘मासा’ या अर्थाच्या ग्रीक ‘इख्थुस’ शब्दाची अक्षरे म्हणजे ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या शब्दांची आद्याक्षरे. मराठीत ‘मासा’ म्हणताच ही किल्ली हरवते. उलट मत्स्यावतार आणि प्रलयाची नौका आठवते. अशा प्रतीकाचे भाषांतर होत नाही. त्याचे स्पष्टीकरण करता येते, आणि ज्या प्रतीकाचे स्पष्टीकरण करावे लागते ते कवितेत मेल्यातच जमा असते.

२

रूप टिकले म्हणजे प्रतीक टिकले असे होत नाही, याचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका पुरावा वाङ्मयात नसून देवळांत आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि तेथील चर्चमधील घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून देशावर आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरील देवालयात त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया उठावात कोरलेली आहे. अडीच शतकांहून अधिक काळ भाविक त्या घंटेखालून जात आहेत. मरियेची आकृती तेथे शाबूत आहे, परंतु ती प्रतीक उरलेली नाही. तिला तेथे कोणी अर्थाने पाहत नाही. घंटेचा नाद मात्र नव्या घरात पूर्णपणे रुळला. आकृती मुकी झाली आणि ध्वनी बोलत राहिला.

याच्या नेमके उलट उदाहरण अँजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराचे. १९०२ साली जन्मलेल्या फोन्सेकांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि गोव्यात परतल्यावर मरियेला साडी नेसलेली, येथल्या मातीतली स्त्री म्हणून रंगविले. तेथील ख्रिस्ती समाजातील अनेकांना ते रुचले नाही. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी १९६७ सालच्या मृत्यूपर्यंत आपले काम चालू ठेवले. त्यांच्या चित्रांत युरोपीय मरियेचे एकही बाह्य लक्षण कष्टाने जपलेले नाही. तरीही मूल घेतलेल्या त्या स्त्रीच्या नजरेत पुढील दुःखाची जी जाणीव आहे, ती मरियेच्या परंपरेचीच आहे. मेणवलीत रूप राहून अर्थ गेला. फोन्सेकांच्या चित्रांत रूप बदलून अर्थ राहिला. त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांची चूक हीच की प्रतीकाचे प्राण त्याच्या वस्त्रात आहेत असे त्यांनी मानले.

फोन्सेकांचा मार्ग अगदीच नवा नव्हता. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेल्या ‘उत्तम मेंढपाळा’च्या लहान मूर्ती आज अनेक संग्रहालयांत आहेत. डोंगराच्या शिखरावर बाळख्रिस्त बसलेला, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले, जवळ मेंढरू, खाली झरा, त्यावर पाणी पिणारे प्राणी आणि तळाशी गुहेत मरिया माग्दालिया. हा मेंढपाळ युरोपातील चित्रांसारखा हरवलेल्या मेंढराच्या शोधात निघालेला नाही, तो ध्यानस्थ आहे. विषय पाद्र्यांनी दिला असेल. बैठक मात्र कारागिराच्या हातातून उतरली, आणि त्या हाताला ध्यानमूर्तीची सवय फार जुनी होती.

३

वाङ्मयात ही समस्या प्रथम ज्याने ओळखली तो फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुन्या करारावरील पहिले पुराण आणि नव्या करारावरील दुसरे, मिळून त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. या ग्रंथाचे कौतुक सहसा त्यातील मराठीच्या स्तुतीपुरते होते, आणि ते अपुरे आहे. स्टीफन्सचा खरा पराक्रम छंद व वाङ्मयप्रकार यांच्या निवडीत आहे. ज्यांची जुनी पुराणे सुटली होती अशा नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे त्याने कथा ठेवली ती ओवीत आणि पुराण म्हणून. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. येथे धोका उघड आहे. वैकुंठ म्हणताच विष्णू आठवणारच. परंतु स्टीफन्सने जुन्या शब्दाची स्मृती पुसली नाही, त्याने तिला कामाला लावले. आकांक्षेचे जे स्थान श्रोत्याच्या मनात आधीच सिद्ध होते, तेथेच त्याने नवी कथा नेऊन पोहोचविली.

तीन शतकांनंतर पंडिता रमाबाईंनी याच्या उलट वाट धरली. मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून त्यांनी केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर हिंदू धर्मकल्पनांनी रंगलेले शब्द कटाक्षाने टाळू पाहते. संस्कृत विद्येत मुरलेल्या विदुषीने हा नकार द्यावा, यात एक नैतिक तेज आहे. ज्या शब्दांच्या आड स्त्रीचे दास्य लपले होते त्यांना सत्याचे वाहन करणे त्यांना मान्य नव्हते. तथापि प्रतीकाच्या दृष्टीने पाहता, शब्दातील स्मृती धुऊन काढली की त्याबरोबर त्याचा ओलावाही जातो. स्टीफन्सने संदिग्धता पत्करून रस मिळविला, तर रमाबाईंनी रसाचा त्याग करून निःसंदिग्धता. दोघांनाही आपण काय देत आहोत याची जाण होती.

नारायण वामन टिळकांनी तिसरी वाट शोधली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हटले, ते केवळ सौजन्य नव्हते. वारकरी अभंगात विठ्ठल हा ‘माउली’ होतो. पाश्चात्त्य भक्तीतही ख्रिस्ताला माता मानल्याची उदाहरणे आहेत, परंतु तेथे ती कडेला पडली आहेत. टिळकांनी ख्रिस्ताला माता आणि गुरू म्हटले तेव्हा मराठी भक्तीच्या ऐन मध्यभागातील नाते त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेच्या ऐन मध्यभागी आणले. येथे शब्द उसना घेतलेला वाटत नाही, कारण त्यामागे संबोधण्याची एक संपूर्ण रीत आलेली आहे. टिळकांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ या दृष्टीने त्या भजनांच्या मागे पडते. महाकाव्याच्या चौकटीत कथा आली. भजनात संबंध आला.

या सर्वांहून अनपेक्षित योग मात्र ख्रिस्ती मंडळीच्या बाहेर घडला. मराठीत ‘बळी’ या एकाच शब्दात वेदीवर मारला जाणारा जीव आणि वामनाने पाताळात दडपलेला राजा हे दोन्ही अर्थ नांदतात. शेतकऱ्याच्या घरी दिवाळीत ज्याचे राज्य परत येण्याची इच्छा बोलून दाखवितात तो हाच बळी. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला बळीराजाच्या रूपात पाहिले. धर्मशास्त्राच्या कसोटीवर हे समीकरण टिकणार नाही, पण प्रतीक म्हणून त्याची शक्ती विलक्षण आहे. युरोपच्या कोकरात निरपराध मरण आहे. फुल्यांच्या बळीत त्याखेरीज लुबाडलेला न्याय आणि परतून येणारे राज्य आहे. पुनरुत्थानाची कल्पना मराठी शेतकऱ्याला परिचित अशा एकाच शब्दाने येथे दिली. भाषेचा स्वतःचा इतिहास प्रतीकाला अर्थाची भर कशी घालतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत सापडणार नाही.

‘भाकर’ या शब्दाची कथा अशीच पण शांत आहे. ख्रिस्ती वेदीवरचे अन्न गव्हाचे असते. कोकणपट्टीत त्याच्या जोडीला पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाव’ होता. तरीही मराठी प्रार्थनेत रोजची मागणी झाली ती भाकरीची. वस्तू बदलली, भूक आणि कष्ट ज्या शब्दात साठले होते तो शब्द मात्र मिळाला.

४

एकाच आकृतीचे अनेक अर्थ शेजारी कसे नांदतात हे पाहावयाचे तर भिलाईसारखे नगर पाहावे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे छत्तीसगडचा मराठीशी जुना संबंध आहे. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि देशाच्या सर्व भागांतून कामगार तेथे आले. केरळातून आलेल्या सीरियन परंपरेच्या कुटुंबांचा क्रूस म्हणजे चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरील पहलवी लेख असलेल्या प्राचीन शिलाक्रूसाचा वंशज. त्यावर देह नाही, टोके फुललेली आहेत, तळाशी कमळ आहे. रोमन कॅथलिक वेदीवर क्रूसाला देह आहे. आणि १८६८ साली ऑस्कर लोर या मिशनऱ्याने बिश्रामपूर येथे सतनामी लोकांत सुरू केलेल्या कार्यातून वाढलेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा क्रूस कोरा आहे. पहिला फुललेल्या जीवनाचा, दुसरा चाललेल्या बलिदानाचा, तिसरा रिकाम्या थडग्याचा. त्याच प्रदेशात सतनामींचा पांढरा जैतखांबही उभा असतो. उभ्या स्तंभाला पावित्र्य देणारी दृष्टी तेथे मिशनच्या आधीपासून होती. क्रूस म्हणजे वेदना एवढेच ज्याने गृहीत धरले आहे, त्याला या नगरातील निम्मी चिन्हे वाचताच येणार नाहीत.

आणि नेमकी हीच गृहीतके आधुनिक मराठी कवितेत बळावली आहेत. नवकवितेपासून क्रूस हा कवीच्या एकाकीपणाचा तयार शिक्का झाला. प्रत्येकाने आपला क्रूस आपणच वाहावयाचा, हा वाक्प्रचार नित्याचा झाला. यात चूक आहे ती वेदना घेण्यात नव्हे, वेदना स्वतःपुरती ठेवण्यात. पाश्चात्त्य कलेतही क्रूसावरील ख्रिस्त कित्येक शतके उघड्या डोळ्यांचा, विजयी असाच होता. मृत, खाली झुकलेला देह कलोनच्या दहाव्या शतकातील गेरो क्रूसापासून ठळक होऊ लागला. वेदनेचे टोक ग्र्युनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगविलेल्या इसेनहाइमच्या चित्रात गाठले. परंतु ते चित्र ज्या मठासाठी होते तेथे अंगाची आग होऊन अवयव झडणाऱ्या रोग्यांची शुश्रूषा होत असे. त्या ख्रिस्ताच्या देहावरील व्रण त्या रोग्यांचे होते. चित्रकाराने आपली व्यथा ख्रिस्ताला दिली नाही; ज्यांना कोणी पाहत नव्हते त्यांची दिली. मराठी कवीचा क्रूस बहुधा याच्या उलट दिशेने चालतो. तो दुसऱ्याचे प्रतीक घेऊन स्वतःकडे परततो.

हा दोष परकेपणाचा नाही, कारण स्टीफन्स, टिळक आणि फुले यांच्या हाती हीच प्रतीके परकी राहिली नाहीत. त्यांनी प्रतीक उचलताना मराठीतील एखादे जिवंत नाते त्याला दिले होते : ओवीचा श्रोता, अभंगातील माउली, दिवाळीतील बळी. अलीकडे फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने (२०१०) या कथा पुन्हा सामान्य मराठी वाचकाच्या आवाक्यात आणल्या आहेत, २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, यातून या परंपरेला मराठी वाङ्मयाच्या घरात स्थान आहे हेही उघडपणे मान्य झाले. साधने आता हाताशी आहेत. मेणवलीची घंटा वाजते, तेव्हा तिच्यावरची आकृती कोणाची हे विचारण्याइतके औत्सुक्य मराठी कवीने आणि समीक्षकाने दाखविले, तरी बरेच काही साधेल.