साथीच्या काळातील धर्मादाय जाहिराती

ब्रिस्टल शहरी 92 वर्षांच्या एक बाई राहत असत. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कागदी पॉपीची फुले विकून त्यांनी 76 वर्षे फंड जमविला. 2015 साली त्या वारल्या. पुढे चौकशीत आढळले की त्यांचे नाव-पत्ता 99 धर्मादाय संस्थांपाशी होते आणि एका वर्षात सुमारे 466 पत्रे त्यांच्या दारी पडली होती. मृत्यूचा दोष घरच्यांनी संस्थांवर ठेवला नाही. पण दात्यांच्या याद्या कशा हातोहात फिरतात, हे साऱ्या इंग्लंडाने पाहिले. 2016 साली देणग्यांच्या मागणीवर देखरेख करणारे नवे मंडळ आले, व 2017 पासून “मला पत्रे नकोत” असे त्याच्यामार्फत संस्थेस कळविण्याची सोय झाली.

ही गोष्ट टपालाची. 2020 साली करोनाने सभा, दानपेट्या व धर्मादाय दुकाने बंद पाडली, तेव्हा संस्था इंटरनेटकडे वळल्या. त्यात आम्हांस गैर दिसत नाही. पात्र संस्थांस गुगल दरमहा 10,000 डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट देते. ही जाहिरात कोणी काही शोधू लागले तरच समोर येते, म्हणून साथीत तिचे मोल मोठे. घरात अडकलेल्या आजीने “औषधे घरपोच” असे शोधले, तर तिच्याच भागातील संस्था तिला सापडावी. त्या वर्षाच्या आरंभी गुगलने रोगाचे नाव घेणाऱ्या बहुतेक जाहिराती अडविल्या होत्या. एप्रिलमध्ये सरकारी खाती, रुग्णालये व सेवाभावी संस्थांस मोकळीक मिळू लागली. तेव्हा मजकुरात रोगाआधी मदतीचे नाव यावे: शिधा, औषध, फोनवर दोन शब्द. भाग कोणता व फोन कधी उचलला जातो, हेही लिहावे. देणगीची विनंती त्याखाली आली तरी चालते.

आमचा आक्षेप आहे तो रडव्या चेहऱ्यांच्या जाहिरातींवर. रामबाम यांनी सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणारा व घेणारा एकमेकांस ओळखत नाहीत, ती वरून दुसरी. भुकेल्याचा फोटो लाखो लोकांपुढे नाचविणारी संस्था त्या जिन्यावर कुठे बसते, हे आमच्या समाजबांधवांनीच ठरवावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 2023 साली ऑब्झर्व्हर पत्राने उघडकीस आणले की ब्रिटनमधील काही मानसिक आरोग्य संस्थांच्या संकेतस्थळांवरून, कोण काय वाचतो याची माहिती फेसबुककडे जात होती. म्हणजे ब्रिस्टलच्या बाईंची यादी निराळ्या वाटेने पुन्हा फिरू लागली. आणि या वेळी नाव दात्याचे नव्हे, मदत मागणाऱ्याचे! लंडन असो, लोद असो, आमची मंडळेही आता पाने चालवितात, सणाला फंड मागतात. पान बांधून देणाऱ्यास कार्यकारिणीने एवढे विचारावे: भेट देणाऱ्याची कोणती माहिती बाहेर जाते, आणि ती बंद कशी करायची? उत्तर लेखी घ्यावे व वार्षिक सभेत वाचून दाखवावे.