कलाशाखेतला तुटलेला शेजार

दिवाळीला चार घरची माणसे एकत्र जमली, फराळाची ताटे फिरू लागली, की घरातल्या तरुण मंडळींची हजेरी घेणे हा वडीलधाऱ्यांचा आवडता कार्यक्रम असतो. एकजण इंजिनिअरिंगला असतो, दुसरी कॉमर्सला, आणि कुणी ‘आर्ट्सला’ म्हटले, की विचारणारा क्षणभर थबकतो व जरा खालच्या आवाजात म्हणतो, “मग पुढे काय करायचा विचार आहे?” या प्रश्नाची थट्टा करावी असे मला वाटत नाही. पोटापाण्याची काळजी खरीच असते. मात्र त्या मुलीला “सध्या वाचतेस काय?” असे कुणी विचारीत नाही; आणि मला काळजी वाटते ती त्या न विचारलेल्या प्रश्नाची.

आपण कवितासंग्रहांची परीक्षणे लिहितो, कादंबऱ्यांवर वाद घालतो. पण शेकडो महाविद्यालयांत कोणी काय वाचावे हे ठरविणारी जी एक पुस्तिका असते, तिचे परीक्षण कुणी करीत नाही. ती म्हणजे अभ्यासक्रमाची पुस्तिका. तिचा लेखक म्हणजे एक अभ्यासमंडळ. तिला मुखपृष्ठ नाही, अर्पणपत्रिका नाही, आणि तरीही तिच्याएवढे हक्काचे वाचक मराठीतल्या कोणत्याही ग्रंथाला लाभलेले नाहीत. तेव्हा एकदा तिच्याकडे समीक्षकाच्या नजरेने पाहावयास हरकत नसावी.

सुरुवात थोडी मागून केली पाहिजे. आधुनिक मराठी साहित्य ज्यांनी घडविले त्यांतले कितीतरी लेखक महाविद्यालयांत शिकवीत होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते काय शिकवीत होते हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. बा. सी. मर्ढेकर काही काळ इंग्रजीचे प्राध्यापक होते. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवीत. मं. वि. राजाध्यक्ष इंग्रजीचे, नागपूरला कुसुमावती देशपांडे इंग्रजीच्या, ‘सौंदर्यमीमांसा’ लिहिणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचे. गंगाधर गाडगीळ आणि पु. शि. रेगे अर्थशास्त्राचे. ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे. माधव जूलियन यांनी फर्ग्युसनमध्ये फार्शी शिकविले आणि १९२५ साली फार्शी-मराठी कोश तयार करून दिला. गझल मराठीत रुजविण्याचा खटाटोप करणारा कवी दिवसा वर्गात फार्शी शिकवीत होता, हा काही केवळ योगायोग नव्हे. इरावती कर्वे मानवशास्त्राच्या. आणि ज्या गृहस्थांनी १९१६ साली मातृभाषेतून शिक्षण देणारे महिला विद्यापीठ काढण्याचे धाडस केले, ते धोंडो केशव कर्वे तर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत!

याचे एक रूक्ष कारण आहे, ते आधी सांगून टाकतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, पण उच्च परीक्षांतून देशी भाषा लवकरच हद्दपार झाल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ साली बी. ए. झाले ते इंग्रजी-संस्कृताच्या बळावर. ‘निबंधमाला’ लिहिणाऱ्या या गृहस्थांना पदवीसाठी मराठी अभ्यासावी लागली नाही, तशी सोयच नव्हती. न्यायमूर्ती रानडे त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला. स्वतंत्र विषय म्हणून पाय रोवून उभे राहावयास तिला आणखी बराच काळ लागला. म्हणजे कित्येक वर्षे मराठीत लिहू पाहणाऱ्या बुद्धिमान तरुणाला दुसरे काहीतरी शिकणे व शिकविणे भागच होते. इंग्रजीला मान होता, हेही होतेच.

पण या सक्तीतून एक अनपेक्षित लाभ झाला. कलाशाखेतले विषय एकमेकांचे शेजारी झाले. चाळीत जसे एका बिऱ्हाडाची चकली दुसऱ्या बिऱ्हाडात आपोआप जाते, तसे इंग्रजीतले संस्कृतात, संस्कृतातले मराठीत येऊ लागले. रा. श्री. जोगांचे ‘अभिनव काव्यप्रकाश’ उघडून पाहावे. मम्मटाच्या परंपरेतले प्रश्न आणि पाश्चात्त्य काव्यविचार तिथे एकाच बैठकीवर बसलेले दिसतात. विंदांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, ‘फाउस्ट’ आणले, ‘राजा लिअर’ आणले, आणि तेच विंदा ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीन मराठीत रूपांतर करावयास बसले. इरावतीबाईंचे ‘युगान्त’ तर या शेजाराचे सर्वांत देखणे फळ. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्यातच भांडारकर संस्थेत सिद्ध होत होती. ती हाताशी घेऊन, कुळे, विवाहसंबंध, वारसा यांचा जन्मभर अभ्यास केलेल्या बाईंनी गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे पाहिले. १९६७ साली ते पुस्तक निघाले. पुराण ऐकत वाढलेल्या घरांतल्या आज्यांनीही ते वाचले, रागावल्या, आणि पुन्हा वाचले. केवळ मराठीचा किंवा केवळ मानवशास्त्राचा अभ्यास करणाऱ्याच्या हातून ते लिहून झाले नसते.

या शेजाराचे गोडवे गाताना दोन गोष्टी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पहिली ही, की शेजारी समान दर्जाचे नव्हते. इंग्रजीची मापे घेऊन मराठी अंगरखे बेतले गेले, आणि कित्येकदा ते अंगाला बसले नाहीत. भालचंद्र नेमाड्यांनी याविरुद्ध कडाडून लिहिले, आणि त्यांच्या तक्रारीत बरेच तथ्य आहे. मात्र नेमाडे स्वतःही इंग्रजीच शिकवीत होते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. देशी परंपरेची ओढ त्यांना लागली ती दोन्ही घरे पाहिल्यामुळे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ही चाळ सर्वांसाठी उघडी नव्हती. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना फार्शी घ्यावी लागली, ही हकीकत आपण जाणतो. त्यांनी पुढे काय केले ते इथे महत्त्वाचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय त्यांनी सुरू केले. ज्यांच्या घरात पिढ्यानुपिढ्या पुस्तक शिरले नव्हते ती मुले मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून नागसेनवनात आली. तिथे इंग्रजीचे प्राध्यापक डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले होते. तिथल्या काळ्या लेखकांचे साहित्य त्यांनी वाचलेले होते. डॉ. गंगाधर पानतावणे मराठीचे. या दोन खोल्यांतली ये-जा सुरू झाली, आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस तिथून जे नियतकालिक निघाले ते पुढे ‘अस्मितादर्श’ म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. दलित साहित्याच्या उगमाची चर्चा करताना आपण चळवळीचे बोलतो, वेदनेचे बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या उगमापाशी कलाशाखेचे एक महाविद्यालय उभे आहे, आणि त्यात शेजारी बसणारे दोन विषय आहेत, हे मला विसरवत नाही. कलाशाखेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या काकांना मी हे उदाहरण देईन.

आता आजची पुस्तिका उघडू या. निवड वाईट असते असे नाही. कित्येकदा चांगलीच असते. नेमलेल्या पुस्तकांत रसिकाने मान डोलवावी अशी नावे सापडतात. दोष आहे तो मांडणीत. पुस्तक येण्याच्या आधी त्यावरचे प्रश्न येऊन बसलेले असतात. कादंबरी कोणतीही असो, तिचे ‘कथानक’, ‘व्यक्तिचित्रण’, ‘वातावरण’, ‘निवेदनशैली’, ‘भाषाशैली’ असे तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्यावर दोन पाने लिहावयाची. बाजारातली मार्गदर्शके हेच तुकडे तयार करून विकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण प्रश्नपत्रिका जे मागते तेच ती पुरवितात. परिणाम असा, की मूळ कादंबरी न उघडता तिच्यावर चांगले गुण मिळविता येतात. शिक्षकांना हे माहीत असते. विद्यार्थ्यांनाही माहीत असते. याबद्दल दोघांच्यात एक मूक समझोता असतो.

या तुकड्यांत काय निसटते ते दोन कादंबऱ्यांवरून पाहता येईल. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात; हॅर्टा ज्यू आहे, जर्मनीतून बाहेर पडलेली. मार्गदर्शकात हिची ‘विफल प्रेमकथा’ होते, फार तर ‘युद्धाच्या पार्श्वभूमीवरील’ विफल प्रेमकथा. पण ही माणसे शांघायच्या दिशेने का चालली आहेत? १९३८-३९ मध्ये ज्यू निर्वासितांना व्हिसाशिवाय उतरू देणारी जी अगदी मोजकी बंदरे जगात उरली होती, त्यांत शांघाय होते. हे एकदा कळले म्हणजे त्या बोटीचा डेक पार बदलून जातो. तिच्यावरले नाचगाणे, थट्टामस्करी, पत्त्यांचे डाव, सगळे दुसऱ्याच उजेडात दिसू लागते. आणि चक्रधराचा कोरडेपणाही क्षम्य वाटेनासा होतो. हे सांगणारा इतिहासाचा प्राध्यापक त्याच इमारतीत, बहुधा दोन दरवाजे पलीकडे, दुसऱ्या महायुद्धाची कारणे उतरवून देत असतो. त्याच्या विद्यार्थ्यांना ‘रणांगण’ ठाऊक नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांना शांघाय ठाऊक नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चेही तसेच. तिच्यात एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास जातो, तालीम उभारतो, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. ‘ग्रामीण जीवनाचे चित्रण’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. पण मास्तर संस्थानाचा नोकर आहे. माणदेशात पाऊस का पडत नाही याला भूगोल आहे. मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या माणसाला वाडी सोडणे म्हणजे नक्की काय, याचे उत्तर समाजशास्त्रात आहे. ती माहिती कादंबरीला चिकटवावयाची नाही. तिने ओळी अधिक बोलक्या होतात एवढेच. माडगूळकरांनी पानापानांवर जे न सांगता सोडले आहे, ते ऐकू येण्यासाठी कान तयार लागतो, आणि तो तयार करणे हे महाविद्यालयाचे काम आहे.

कुणी म्हणेल, मराठीच्या प्राध्यापकांवर हा अन्याय होतो. तसा हेतू नाही. नांदेडचे नरहर कुरुंदकर मराठीच शिकवीत. पण भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, इतिहास, राजकारण यांतल्या कोणत्याही घराचे दार त्यांनी ठोठावल्याशिवाय सोडले नाही. त्यांचा शेजार त्यांनी आपल्याच डोक्यात वसविला होता. मात्र अभ्यासक्रम कुरुंदकरांसाठी आखावयाचा नसतो. ज्याला हे एकट्याने जमणार नाही, त्याच्यासाठी तो असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा शेजार कागदावर परत आणला आहे, हे कबूल केले पाहिजे. मुख्य विषय, दुय्यम विषय, शाखेबाहेरचा विषय, प्रत्येकाची क्रेडिटे: योजना ऐकावयास बरी वाटते. मराठीच्या मुलीला मानसशास्त्र घेता येईल, वाणिज्याच्या मुलाला कविता. पण क्रेडिटे जमविणे म्हणजे शेजार नव्हे. दोन क्रेडिटांची कविता एका खोलीत, चार क्रेडिटांचा इतिहास दुसऱ्या खोलीत, आणि दोन्ही खोल्यांतल्या शिक्षकांची गाठ फक्त परीक्षेच्या पर्यवेक्षणाला, असे झाले तर विषयांची संख्या वाढेल, ये-जा वाढणार नाही. माझी मागणी तशी साधी आहे. बी. ए. च्या प्रत्येक वर्षी एक पुस्तक, एकच, अथपासून इतिपर्यंत वर्गात वाचावे; आणि ते वाचताना दोन विषयांचे शिक्षक समोर असावेत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसू द्यावे, म्हणजे निदान ते विकत तरी घ्यावे लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाने मूळ धरले. जागा फार चांगली निवडली आहे. गोविंदप्रभू तिथले, चक्रधरांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही तिथेच. तो ग्रंथ वाचावयाचा तर यादवकालीन मराठी आली पाहिजे, महानुभावांच्या सांकेतिक लिप्या आल्या पाहिजेत, संस्कृत हवे, देवगिरीचा इतिहास हवा, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या त्या स्त्रीपुरुषांचा समाज समजावयाचा तर समाजशास्त्रही हवे. पुढच्या तीन-चारशे वर्षांच्या मराठीसाठी फार्शी आणि मोडी यांना पर्याय नाही. तिथल्या वेळापत्रकात या सर्वांना एकाच मजल्यावर जागा मिळते की नाही, हे अभ्यासमंडळाची पुस्तिका हाती आली म्हणजे मी आधी पाहणार आहे. पुस्तकांची यादी त्यानंतर.