दुपारी दोनची फ्लाय

न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला कॅट्सकिलचे डोंगर आहेत. एप्रिल उतरणीला लागला की तिथल्या बीव्हरकिल आणि विलोवीमॉक या नद्यांवर ट्राउटचे जाणते शौकीन सकाळी मुळीच घाई करत नाहीत. डोंगरातलं बर्फ वितळून आलेलं पाणी रात्रभर गारठलेलं असतं आणि मासे तळाशी सुस्त पडून असतात. कुक्स फॉल्सच्या मापनकेंद्रावर बीव्हरकिलचा विसर्ग क्युसेकमध्ये मोजला जातो. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती पाणी सोडलं हे आपण ज्या काळजीनं विचारतो, त्याच काळजीनं ही माणसं तो आकडा पाहतात. नदी फार चढलेली नसेल आणि दुपारपर्यंत पाणी 10 अंश सेल्सियसच्या पुढे सरकलं, तर दोनच्या सुमाराला पृष्ठभागावर राखाडी पंखांची इवली शिडं उभी राहू लागतात. एफेमेरेला सबव्हेरिया नावाची ही मेफ्लाय. वर्षभर दगडांच्या आसऱ्यानं पाण्याखाली वाढलेला हा कीटक वर येतो, कात टाकतो आणि पंख वाळेपर्यंत प्रवाहावर तरंगत राहतो. त्याला आता खायचं काही नसतं. प्रौढपणी त्याचं तोंड निकामी असतं. खायचं असतं ते ट्राउटला.

या तासासाठी 1916 साली रॉय स्टीनरॉडनं एक फ्लाय बांधली आणि आपल्या गळमित्राचं, ए. ई. हेन्ड्रिक्सनचं, नाव तिला दिलं. पुढे लोक त्या कीटकालाच हेन्ड्रिक्सन म्हणू लागले. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, लव आणि रेशमी दोरा गुंडाळून घडवलेला कीटक. जेमतेम नखाएवढी ही वस्तू, पण नीट पाहिली तर तिच्यात अख्खा वसंत वाचता येतो. पुढं जे लिहितो आहे, ते त्या वाचनाच्या ओढीनं.

स्टीनरॉडला ही विद्या थिओडोर गॉर्डनकडून मिळाली होती. नेव्हरसिंक नदीकाठी एकाकी राहिलेला, क्षयानं पोखरलेला हा माणूस 1915 साली गेला. त्यानं इंग्लंडमधल्या फ्रेडरिक हॅलफर्डला पत्र लिहून 1890 मध्ये त्याच्या तरंगत्या फ्लायचा संच मागवला होता. हॅलफर्डच्या नद्या चुनखडीच्या प्रदेशातल्या, संथ आणि नितळ. त्याचे कीटकही वेगळे. कॅट्सकिलच्या नद्या दगडगोट्यांवरून खळाळत जाणाऱ्या. तिथं इंग्रजी फ्लाय बुडते, आणि तिथल्या कीटकांशी तिचं रूपही जुळत नाही. गॉर्डननं परक्या नमुन्याचं तत्त्व उचललं आणि रूप मात्र आपल्या पाण्यातून घेतलं. हेन्ड्रिक्सन त्याच घराण्याची.

आता फ्लाय हातात घेऊ. गळाच्या नेढ्यामागं थोडी जागा उघडी सोडलेली दिसते. ती कॅट्सकिल शैलीची खूण. सगळी बांधणीच काटकसरीची. एकही वेढा जास्तीचा नाही. अंगासाठी लाल कोल्ह्याच्या पोटाची फिकट, पिवळसर लव मेण लावलेल्या दोऱ्यावर पिळून घेतलेली. आर्ट फ्लिक या दुसऱ्या मोठ्या जाणकाराला तर कोल्हीच्या मूत्रानं भाजून गुलाबी झालेली लवच लागे. ऐकायला विचित्र वाटतं, पण मादी कीटकाच्या अंगावर जी गुलाबी झाक असते ती कुठल्याही रंगाच्या डबीत तशी सापडत नाही. ओली झाल्यावर ही लव आतून उजळल्यासारखी दिसते. नुसता दोरा गुंडाळला असता तर रंग जमला असता, पण जीव दिसला नसता.

पंखांपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. खऱ्या कीटकाचे पंख पाटीसारखे राखाडी. फ्लायचे पंख मात्र नर वुड डक बदकाच्या कुशीतल्या पिसाचे: लिंबासारखे पिवळसर, त्यांवर बारीक काळसर रेघा. म्हणजे सरळ सरळ विजोड. आणि तरी हे पंख बदलून राखाडी केले तर फ्लाय मेल्यासारखी दिसते. याचं कारण शेजारी आहे. पंखांच्या मागंपुढं कोंबड्याच्या मानेचं निळसर राखाडी पीस गुंडाळलेलं असतं. याला हॅकल म्हणतात. त्याचे ताठ तंतू सर्व बाजूंनी ताऱ्यासारखे पसरतात. त्या राखाडी जाळीतून रेघांचे पिवळे पंख पाहिले की दोन्ही मिळून थरथरता, अर्धपारदर्शक, नुकताच उघडलेला पंख भासतो. रंग कुठेच जसाच्या तसा नाही आणि परिणाम मात्र नेमका. शब्दांनी न सांगितलेला अर्थ ऐकू येण्याची जी किमया आपण उत्तम कवितेत शोधतो, ती इथं पिसांनी साधली आहे.

शिवाय ही फ्लाय वाचणारा खालून वाचतो. ट्राउटला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा. फ्लाय दुरून येते तेव्हा आरशावर फक्त हॅकलच्या टोकांनी पडलेल्या खळ्या प्रकाशाचे ठिपके होऊन चमकतात. मग खिडकीच्या कडेला पंखांची टोकं उगवतात, आणि सर्वांत शेवटी अंग जुळतं. हॅकल फ्लायला वेगवान पाण्यावर तारतंही आणि खालच्या वाचकाला पहिली ओळही देतं. एका पिसावर दोन कामं. ही काटकसर मला थक्क करते.

निळसर राखाडी रंगाचं, ताठ तंतूंचं पीस सहजी मिळत नाही. म्हणून हॅरी आणि एल्सी डार्बी या फ्लाय बांधणाऱ्या जोडप्यानं त्या रंगाचे कोंबडे स्वतःच पैदास करून पाळले. पिसांच्या या वेडाचा एक धागा सह्याद्रीपर्यंत येतो: आपल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरची ठिपकेदार पिसं एके काळी ब्रिटनमधल्या सॅमनच्या भडक फ्लायवर मिरवत. हेन्ड्रिक्सनमध्ये तसला थाट नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते.

रोस्को गावचे वॉल्ट आणि विनी डेट तर फ्लाय बांधणं असं वाचूनच शिकले. रूब क्रॉस हा त्या काळचा नामांकित कारागीर शिकवायला तयार नव्हता. तेव्हा त्यांनी त्याच्या फ्लाय विकत घेऊन वेढा न् वेढा उलगडून पाहिला, जुनी चोळी उसवून तिची बेतणी शिकावी तसा. रसग्रहणाची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही.

फ्लिकनं 1947 च्या आपल्या छोट्या पुस्तकात या कीटकाच्या नराचा प्रश्नही सोडवला. नर आकारानं किंचित लहान, लालसर तपकिरी. त्यासाठी त्यानं ऱ्होड आयलंड रेड कोंबड्याच्या पिसाची नुसती दांडी सोलून गुंडाळली. तिच्यावरच्या छटांमुळे पोटाची वळी आपोआप दिसतात. ही रेड क्विल देखणी आहे, कदाचित हेन्ड्रिक्सनहून जास्त रेखीव, पण तिच्यात लवेचा तो उबदारपणा नाही.

हवामानाचा वाटाही मोठा आहे. स्वच्छ उन्हाची दुपार सुखाची वाटते, पण पंख लवकर वाळतात आणि कीटक चटकन उडून जातात. ढगाळ, दमट, बोचऱ्या गारव्याच्या दिवशी ते पाण्यावर लांबवर वाहत राहतात आणि ट्राउट निवांत, एका लयीत वर येऊ लागतो. फ्लाय खरी उमलते ती अशा दिवशी.

आणि तिची मर्यादाही आहे. डेलावेअरच्या पश्चिम शाखेवर कॅनन्सव्हिल धरणाच्या तळातून गार पाणी सुटतं. तिथला प्रवाह रुंद आणि सपाट, मासे चिकित्सक. अशा पाण्यावर उंच तरंगणारं हॅकल कधी कधी परकं दिसतं, आणि हरणाच्या केसांचे पंख पंख्यासारखे पसरलेली, हॅकल नसलेली कम्पॅराडन पृष्ठभागाला चिकटून सरस ठरते. मीही तिथं तीच निवडीन. पण स्टीनरॉडनं फ्लाय बांधली ती बीव्हरकिलच्या खळाळासाठी, आणि त्या पाण्यावर मे उजाडेपर्यंत मी दुसरी फ्लाय दोऱ्याला बांधणार नाही.