चॅप्लिनच्या ‘द किड’चे दोन पाठ

चार्ली चॅप्लिन याचा ‘द किड’ हा सहा रिळांचा मूकचित्रपट 1921 सालीं प्रसिद्ध झाला. टाकून दिलेलें अर्भक एका भटक्यास सांपडतें; तो तें वाढवितो, व पांच वर्षांचें झाल्यावर आपल्या धंद्यास लावतो. पोरानें दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या कांचा फोडाव्या, व मागून यानें पाठीवर तावदानें घेऊन त्या बसवून देण्यास हजर व्हावें, असा हा ठकबाजीचा व्यवहार. जॅकी कूगन या बालनटाचें काम सर्वविश्रुतच आहे. संशोधकांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी. या कृतीचे दोन पाठ उपलब्ध असून दोन्ही कर्त्याच्याच हातचे आहेत.

1971 सालीं, वयाच्या 82व्या वर्षाच्या सुमारास, चॅप्लिननें चित्रपटास स्वतः नवें संगीत रचून दिलें व आईचे कांहीं प्रसंग गाळले. चर्चबाहेर जरठ-कुमारी विवाहाचें जोडपें ती पाहते, पुलावर जीव देण्याच्या विचारांत उभी राहते, आणि पुढें नामांकित नटी झाल्यावर मुलाच्या बापाशीं तिची गांठ पडते, ते हे प्रसंग.

ते भाबडे आहेत, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. ते गेल्यानें कथेस वेग येतो. परंतु त्यांबरोबर कथेंतील न्यायही बदलतो. मुलावर हक्क कोणाचा, हा येथील मूळ वाद. ठक आपला हक्क कृतीनें सिद्ध करतो: अनाथालयाचे लोक मुलास गाडींत घालून नेऊं लागतांच तो छपरांवरून धांवत जाऊन त्यास सोडवितो. आईचा मुख्य पुरावा म्हणजे अर्भकापाशीं ठेवलेली चिठ्ठी. ती डॉक्टराच्या हातून तिच्यापुढें येते व ओळख पटते. 1921 च्या पाठांत या चिठ्ठीमागें लिहिणारीचें दुःख सबंध दिसतें. 1971 च्या पाठांत तें बरेंचसें पुसलें जाऊन कागद तेवढा उरतो. शेवटीं तिच्या घराचें दार ठकासही उघडतें. पहिल्या पाठांत ती दोन हक्कांची तडजोड वाटते, दुसऱ्यांत श्रीमंत बाईची मेहेरबानी.

मागाहूनचा पाठ कर्त्यानेंच सिद्ध केला, म्हणून तोच प्रमाण, असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तें मान्य नाहीं. पन्नास वर्षांनीं फिरलेला हात कर्त्याचा खरा. परंतु मूळ कृति ज्या मनानें घडली तें मन त्यामागें नाहीं. पोथीच्या समासांत नोंदवावें तसें हें शोधन अवश्य नोंदवावें. पण हरताळ लागलेल्या ओळी वाचणें सोडूं नये. सुदैवानें गाळलेले प्रसंग नष्ट झालेले नाहींत. ते मूळ जागीं ठेवून 1921 चा पाठ आधीं पाहावा, व मगच दुसऱ्याचा निकाल करावा.